कापडवाल्यांची बाजू

आल्टविक, ६ मार्च १९९४

प्रिय रोसी,

जिवंत आहेस ना बाई? नाताळच्या कार्डाला उत्तर नाही, फोन करावा तर नुसता वाजत राहतो. कॅम्पच्या ऑफिसातली पोरगी सारखी माझ्या दुकानात येऊन विचारते, "गुडरूनताई, तुमच्या शेजारच्या तंबूच्या जागेचं काय करू? पाइनखालची जागा आहे, मागणारे टपून बसलेत." मी तिला दटावलं. म्हटलं, ती जागा माझ्या मावसबहिणीची आहे, बर्लिनची भिंत पडायच्या कितीतरी आधीपासूनची, आणि ती येणार म्हणजे येणार. पण तिला तुझी सही लागते. सोबतच्या कागदावर कर आणि लगेच पाठव.

इकडे समुद्र अजून करडा आहे. काठावर बर्फाची साय धरते आणि दुपारी मोडते. आमच्या नवरोबांनी, होर्स्टनं, वारा अडवायचा आपला पट्ट्यापट्ट्यांचा पडदा काढून त्याच्या काठ्या घासायला घेतल्यात, म्हणजे वसंत आला समज. नवी बातमी एकच. गावच्या कौन्सिलनं किनाऱ्यावर एक खांब ठोकलाय. खांबाच्या अलीकडे आपण, उघड्या अंगानं पोहणारे, पलीकडे पश्चिम जर्मनीतून येणारे कापडवाले. त्यांना म्हणे फिरायला जाताना आपण दिसतो आणि त्रास होतो. लोट्टेबाई खांबापाशी उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या, "चाळीस वर्षं ज्यांनी आम्हाला काय वाचायचं, काय बोलायचं ते सांगितलं, त्यांचीसुद्धा आम्हाला चड्डी घालायला लावायची हिंमत झाली नाही!" बाईंचा आवाज अजून वर्गात शिकवतानाचाच आहे.

मेच्या जोडसुट्टीला पहिली डुबकी ठरली आहे. तू नसशील तर मी उतरणार नाही. आपण दोघींनी हात धरून धावत जायचं, ही हेडामावशीनं घालून दिलेली रीत आहे, आणि तुझ्या आईची रीत मोडायची माझी तरी तयारी नाही.

तुझी
गुडी


हाले, १९ मार्च

प्रिय गुडी,

उशिराबद्दल माफ कर. औषधांच्या दुकानात दोन जणी सुट्टीवर होत्या, त्यामुळे कामाचा ढीग होता.

सही करून पाठवत नाही. पाइनखालची जागा यंदा दुसऱ्या कुणाला दिलीस तरी चालेल. मी आले तर दोनच दिवस येईन आणि गावात खोली घेईन. एक विचारायचं होतं. खांबाच्या पलीकडे बसायला बाकडी वगैरे आहेत का? यंदा मी त्या बाजूला बसावं म्हणते. का ते विचारू नकोस.

होर्स्टला नमस्कार.

रोसविता


आल्टविक, २७ मार्च

रोसविता,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग होर्स्टला वाचायला दिलं, म्हटलं माझंच काही चुकत असेल. त्यानं ते दोनदा वाचून घडी करून परत दिलं.

कापडवाल्यांकडे? तू? अंगावर कापड घालून समुद्रात जाणं म्हणजे मोजे घालून बागेत चालणं, असं म्हणणारी तू? विचारू नकोस म्हणतेस, पण मला विचारायची गरजच नाही. पश्चिमेकडच्या हानोफरचा तो दाताचा डॉक्टर, मागच्या उन्हाळ्यात ज्याच्याबरोबर तू फिरायला जायचीस, त्याला आम्ही गावंढळ वाटतो ना? उघडी, म्हातारी, पोटं सुटलेली माणसं. तुझ्या नव्या ओळखीच्या लोकांत आम्हाला दाखवायची तुला लाज वाटते, एवढं स्पष्ट लिहिलं असतंस तर मला कमी लागलं असतं.

तुला तिथं बघून हेडामावशीला काय वाटलं असतं, याचा विचार कर. लाजेनं मेली असती ती.

बाकडी आहेत. खुशाल बस.

गुडरून


हाले, २४ एप्रिल

गुडी,

हे पत्र मी महिनाभर लिहितेय आणि फाडतेय. आज फाडणार नाही.

जानेवारीत माझं ऑपरेशन झालं. कॅन्सर. डावा स्तन काढून टाकला. नाताळात फोन वाजत राहिला तेव्हा मी घरातच होते, तपासणीचा कागद टेबलावर होता आणि तुझ्याशी काय बोलावं ते सुचत नव्हतं. दाताचा डॉक्टर दवाखान्यात एकदा फुलं घेऊन आला होता. नंतर त्याचा पत्ता नाही. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही, हे तुला खरं वाटो न वाटो.

डॉक्टर म्हणतात, सगळं निघालंय. पण मी अजून आरशात बघितलेलं नाही. न्हाणीघरातला दिवा बंद ठेवून आंघोळ करते. गंमत बघ, नुसती ती बाजूच नाही, सगळं अंगच माझं राहिलेलं नाही. मागच्या आठवड्यात पूल ओलांडताना चांगला वारा सुटला होता, बायका स्कर्ट सावरत होत्या, आणि मला काहीच लागलं नाही. कुणी दुसरंच माझ्या कोटात चाललंय असं वाटलं. गुडी, मला घर नको, माणूस नको, मला फक्त परत पाण्यात जायचंय. लाट पहिल्यांदा पोटावर येते तेव्हा जीव ओरडतो ना, ते मला परत हवंय. आणि तेच आता कधीच होणार नाही अशी भीती मला सकाळी उठल्यापासून असते.

आता आईबद्दल. तिचा शेवटचा उन्हाळा आठवतो? भर ऑगस्टमध्ये ती वाळूत कोट घालून बसली होती. आपण पाण्यातून ओरडलो होतो, "कापडवाली! कापडवाली!" ती हसली होती आणि तिनं हात हलवला होता. तिचंही असंच ऑपरेशन झालं होतं, ते तिनं आपल्याला सांगितलंच नव्हतं. त्या कोटाखाली काय होतं आणि त्या दिवशी तिला पाण्याकडे बघून काय वाटत असेल, ते मला आता कळलंय.

ती लाजेनं मेली नसती. तिनं माझ्याशेजारी बाकड्यावर येऊन बसायला जागा मागितली असती.

रोसी


आल्टविक, २९ एप्रिल

माझी रोसी,

काय लिहू? दोन दिवस दुकानात पाव देताना रडतेय, गिऱ्हाइकांना वाटतं मी कांदे चिरले. मी तुला काय काय लिहून बसले! 'जिवंत आहेस ना' काय, मावशी काय. माझी जीभ कुणीतरी कापून टाकायला हवी. तू फोनवर मला एक शब्द सांगितला असतास तर मी त्याच रात्रीच्या गाडीत बसले असते. पण तू सांगणार नाहीस, तू तुझ्या आईची मुलगी.

ऐक. तू ये. कोट घालून ये, पोशाख घालून ये, गोधडी गुंडाळून ये. तुला कोण काय म्हणतं ते मी बघते. आणि कोण म्हणणार आहे गं? वेर्नरकाका इतकी वर्षं लाकडी पाय वाळूच्या टेकडीच्या पायथ्याशी काढून ठेवतात आणि एका पायावर उड्या मारत पाण्यात जातात. कुणी कधी मान वळवून बघितलंय? लोट्टेबाईंच्या पोटावर तीन मुलांच्या तीन शिवणी आहेत. आपल्या बाजूला अखंड माणूस आहे तरी कोण?

मला झोप लागत नाही. पडल्या पडल्या सारखी आधी मावशी, मग तू, असं डोक्यात येतं आणि हात आपोआप... जाऊ दे. ये तू.

तुझी, तुझीच,
गुडी


हाले, ८ मे

प्रिय गुडी,

रडणं थांबव, पाव ओले होतील.

वेर्नरकाकांचं मला पटलं नाही. त्यांना आपण ओळखू लागलो तेव्हापासून ते एकाच पायाचे आहेत. माझं तसं नाही. मला तुम्ही अख्खी असताना बघितलेलं आहे. लोक आता बघणार ते काय उरलंय ते नाही, काय गेलंय ते बघणार. माझी भीती तेवढीच आहे.

तरी एक सांगते. काल पहाटे मी शहराबाहेरच्या माझ्या बागेच्या तुकड्यावर गेले होते. शेजारचे म्हातारे अजून आले नव्हते. घेवड्याला काठ्या लावत होते, ऊन आलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, कुंपणावरच्या वेलांच्या आड उभं राहून मी ब्लाउजची बटणं काढली. सगळी. डोळे मिटूनच घेतले होते. आधी उजवीकडे ऊन लागलं, डावीकडे काही नाही. मी तशीच उभी राहिले. मग हळूहळू काखेपासून, जिथं कातडी शाबूत आहे तिथून, ऊब आत आत येऊ लागली. मधमाशी फिरत होती. ओल्या मातीचा वास येत होता. खूप दिवसांनी मला माझ्या अंगाची हद्द कळली, इथपासून इथपर्यंत मी आणि पुढे बाग. मग फाटक वाजलं आणि मी पहिल्या काजात दुसरं बटण अडकवून पळाले.

तर मी येते. पहिल्या डुबकीला, रविवारी. कपड्यांचं माझं मी बघते, तू त्यात काही करू नकोस. फक्त नेहमीसारखे सगळे असा.

आणि तू तपासून घेतलंस का? आधी आई, मग मी. तुझी आई आणि माझी आई सख्ख्या बहिणी होत्या, हे विसरू नकोस.

रोसी


आल्टविक, १३ मे

लाडके रोसी,

येतेस! मी दुकानात ओरडलेच. पाइनखालची जागा मी सोडलेली नव्हतीच, ऑफिसातल्या पोरीला धुरात शेकवलेला मासा देऊन गप्प केलं होतं.

तपासणीचं काय विचारतेस, हंगाम तोंडावर आलाय, माल भरायचाय, मला शिंकायला वेळ नाही. पुढे बघू.

रविवारची सगळी व्यवस्था मी केली आहे. कसली ते सांगत नाही. तू एकटी पडणार नाहीस, एवढंच सांगते. बटाट्याचं सॅलड माझ्याकडे, केक लोट्टेबाईंकडे.

गुडी


आल्टविक, २४ मे

रोसी,

काल दिवसभर फोन केला. तू पोहोचलीस की नाही तेसुद्धा मला ठाऊक नाही. खोलीवाल्या बाई म्हणाल्या, तिनं बॅग घेतली आणि बस पकडली, केसांत वाळू होती.

मी तुला सगळं सांगते, मग तू मला हव्या त्या शिव्या दे. तू लिहिलं होतंस, कपड्यांचं मी बघते. मला वाटलं, तू पोहायचा पोशाख आणणार. वाटलं, एवढ्या उघड्या माणसांत ही एकटीच कापडात, म्हणजे सगळ्यांच्या नजरा तिच्यावरच. म्हणून मी घरोघर फिरले. म्हटलं, एक दिवस, रोसीसाठी, सगळ्यांनी घालायचं. लोट्टेबाई आधी फार बिथरल्या, मग त्यांनी लग्नाआधीचा लोकरीचा पोशाख काढला, कसरीनं खाल्लेला. होर्स्टनं फुटबॉलची चड्डी घातली. वेर्नरकाकांकडे पोहण्याचं काहीच नाही, कुठून असणार! ते थंडीतली लांब आतली विजार घालून आले, विजारीचा एक पाय रिकामा लोंबतोय. मी खांबापलीकडच्या दुकानातून निळा पोशाख आणला. तो काखेत असा काचत होता, की हे लोक रोज हे कसं सहन करतात देव जाणे. आम्ही सगळे ओळीनं उभे होतो आणि एकमेकांकडे बघायची आम्हाला लाज वाटत होती. खरंच सांगते, मला जन्मात एवढं उघडं वाटलं नव्हतं.

आणि तू टेकडीवर आलीस. पाइनखाली कपडे ठेवून, नेहमीसारखी, अंगावर काही न घेता. वाऱ्यात ताठ चालत येत होतीस. अर्ध्या वाटेत थांबलीस, आमच्याकडे बघितलंस. मी हाक मारली. तू दोन्ही हात छातीवर घेतलेस आणि वळलीस.

तू गेल्यावर वेर्नरकाकांनी विजार ओढून काढली आणि वाळूत आपटली. "गाढवं आहोत आपण," म्हणाले, "शुद्ध गाढवं." पहिली डुबकी यंदा कुणी घेतली नाही.

एक ओळ तरी लिही.

गुडी


हाले, ३ जुलै

गुडरून,

त्या रविवारनंतरची तुझी चारही पत्रं मिळाली. रागात लिहायचं नव्हतं म्हणून थांबले. राग गेलेला नाही, पण आता मला नीट लिहिता येईल.

तुम्ही चांगल्या मनानं केलंत, हे मला त्याच दिवशी बसमध्ये कळलं. वेर्नरकाकांची विजार आठवून मला हसूही आलं. पण पाइनखाली शेवटचं बटण काढायला मला किती वेळ लागला, ते तुला माहीत नाही. पायाखाली पाइनच्या सुया टोचत होत्या, पाठीवर वारा होता, आणि मी मनाला सांगत होते, तिथं सगळे आपले आहेत, तिथं कुणी काही झाकत नाही, तिथं मीही तशीच. त्या एका आधारावर मी टेकडी चढले. आणि वर आले तर माझी माणसं झाकून उभी! मला वाटलं, माझ्याकडे बघवत नाही म्हणून. इतकी वर्षं ज्यांना लाज म्हणजे काय ठाऊक नव्हतं, त्यांना माझ्यामुळे ती आठवली.

आणखी एक. हे मी लिहिणार नव्हते. वेर्नरकाकांनी माझ्याकडे बघितलं. लोट्टेबाईंनी बघितलं, आणि हात वर केला. होर्स्ट बघून रडायला लागला. तू बघितलं नाहीस. तू हाक मारलीस ती समुद्राकडे बघून. टॉवेल तुझ्या हातात तयार होता, गुडी. तुझ्या समजुतीनं मी पोशाख घालून येणार होते, तर तो टॉवेल कुणासाठी होता?

रोसविता


आल्टविक, १० ऑगस्ट

रोसी,

हे पत्र मी दुकानाच्या मागे खोक्यावर बसून लिहितेय. होर्स्टला माहीत नाही.

टॉवेल माझ्यासाठी होता. तुझा पट्टा घसरला, पोशाख ओला होऊन चिकटला, काहीही झालं तर झटकन तुझ्यावर टाकायचा, म्हणजे मला बघावं लागणार नाही. पोशाखांची सगळी धडपडही त्याचसाठी होती, हे मला तुझं पत्र वाचून कळलं. सगळ्यांना सांगत होते रोसीसाठी, रोसीसाठी. मावशीनं कोट घातला होता तेव्हाही मी ओरडत होते, पण जवळ गेले नव्हते.

माझ्या उजव्या बाजूला काहीतरी लागतंय. घेवड्याच्या दाण्याएवढं. एप्रिलपासून आहे. रोज हात लावून बघते आणि रोज ठरवते की काल होतं त्यापेक्षा लहान झालंय. यंदा मी एकदाही पाण्यात गेले नाही. लोकांना सांगते, सर्दी झालीय. तुझ्याकडे बघितलं असतं तर मला माझंच दिसलं असतं. मला फार भीती वाटते गं.

गुडी


हाले, १४ ऑगस्ट

गुडी,

गुरुवारी दुपारच्या गाडीनं येते. शुक्रवारी सकाळी आपण डॉक्टरांच्या दारात असू, लगेच नंबर लागला नाही तर तारीख घेतल्याशिवाय मी तिथून हलणार नाही. होर्स्टला आज सांग. आज म्हणजे आज.

त्याआधी गुरुवारी पाण्यात जायचं. तू माझ्यासमोर उभी राहायचंस आणि तुझं समाधान होईपर्यंत बघायचंस. घाई करायची नाही. मला थंडी वाजली तरी मी उभी राहीन. टॉवेल आणू नकोस.

रोसी


जिल्ह्याचा दवाखाना, २९ ऑगस्ट

माझी रोसी,

आपण घेतलेल्या तारखेला तपासणी झाली. बाहेर बाकावर बसून लिहितेय, होर्स्ट गाडी आणायला गेलाय. तू थांबली असतीस तर बरं झालं असतं, पण तुझ्या दुकानानं तुला आणखी रजा दिली नसती, मला कळतं.

आत जाताना मी डोळ्यांसमोर आपला गुरुवार धरून ठेवला होता. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बघ." मी बघितलं. उसवलेली शिवण कुणीतरी घाईत पुन्हा घातल्यासारखी एक आडवी रेघ. बस्स. आणि तिच्या वर तूच, नाक वर करून, दात कडकडतायत. मी किती महिने कशाला घाबरत होते! मी विचारलं, तिथं वारा लागतो का. तू माझा हात घेऊन ठेवलास आणि म्हणालीस, "इथं नाही. इथपासून पुढे लागतो." मग आपण धावलो. लाट पोटावर आली तेव्हा तू अशी किंचाळलीस, की खांबापलीकडची माणसं उठून उभी राहिली. वेर्नरकाका काठावरून ओरडत होते, "आता ही खरी पहिली डुबकी!"

तर इथं आत गेले. नर्स चांगली होती, कोवळी पोर. म्हणाली, "पडद्यामागे जाऊन वरचे कपडे काढा, घाबरू नका." मला हसू आलं. म्हटलं, "पोरी, मी अख्ख्या किनाऱ्यासमोर कपडे काढण्यात आयुष्य घालवलंय, मला पडदा कशाला?" आणि तिथंच खोलीच्या मध्ये उभी राहून गळ्याजवळच्या बटणाला हात घातला.

ते निघेना, रोसी. बोटं लाकडाची झाली होती. मी तिथं उभी, तो डॉक्टर कागदात बघतोय, नर्स वाट बघतेय, आणि माझ्याच्यानं एक बटण निघेना. तेव्हा मला तू दिसलीस. पाइनखाली, एकटी, शेवटच्या बटणाशी. आणि त्यानंतर टेकडी चढून आलीस, आमच्यासमोर. मला वाटत होतं, तुझी भीती मला समजली होती. मला काहीही समजलं नव्हतं.

शेवटी ते बटण नर्सनं काढलं.

त्यांनी सुईनं काहीतरी काढून घेतलंय. काय ते शुक्रवारी सांगतील. डॉक्टरनं चेहऱ्यावरून काही कळू दिलं नाही, मी खूप निरखून बघितलं.

शुक्रवारी ये. रजा नसेल तर आजारी आहे म्हणून सांग, पण ये. काहीही निघालं तरी तिथून थेट समुद्रावर जायचं, मी होर्स्टला तसं सांगून ठेवलंय. तू माझ्या उजव्या बाजूला चाल.

गुडी